विरोधकाच्या तोंडचं वाक्य

संतसाहित्य, शेती, पाणी, मुक्तिसंग्राम अशा विषयांच्या रांगेत तुम्ही कॉमिक्सला जागा दिलीत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वाचनालयात मुलांच्या चित्रकथांचं कपाट दर्शनी भागात असायचं, असं त्यांच्या जुन्या वाचकांनी मला सांगितलं. त्यांना हा विषय परका वाटला नसता, अशा विश्वासाने बोलतो.

सुपरहीरोच्या गोष्टीत कधीकधी चोर-पोलिसांच्या झटापटीपलीकडचा पेच येतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, आणि दोघांचंही म्हणणं एकाच वेळी मान्य करता येत नाही. अशा वेळी लिहिणारा आणि चित्र काढणारा त्या दोघांशी न्यायाने वागतो का, हा माझा आजचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. न्यायाने वागायचं म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी पानं वाटून द्यायची, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. लेखकाने बाजू घ्यावी, खुशाल घ्यावी. पण ज्याच्या विरोधात आपण उभे आहोत, त्याचं सगळ्यात भक्कम वाक्य त्याच्याच तोंडी द्यावं. आणि आपल्या लाडक्या माणसाच्या हातून कुणाचं काय गेलं, तेही वाचकाला दाखवावं. एवढं ज्याने केलं त्याने न्याय केला, असं मी मानतो. हे दिसायला सोपं आहे. या धंद्यातल्या भल्याभल्यांना ते जमलेलं नाही.

माझ्या पिढीची सुरुवात इंद्रजाल कॉमिक्सपासून झाली. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये ही मालिका काढली. पुढे ती मराठीतही आली आणि १९९० पर्यंत चालली. मनमाड-काचीगुडा मीटरगेजच्या गाडीत एक अंक चार जणांत फिरायचा. त्यातला आमचा राजा म्हणजे वेताळ. ली फॉकने १९३६ मध्ये अमेरिकेत निर्माण केलेला हा मुखवटाधारी वीर इकडे येताना थोडा बदलला. त्याच्या जंगलाचं मूळ नाव बंगालच्या फार जवळ जाणारं होतं, म्हणून इंद्रजालमध्ये त्याचं डेंकाली झालं. मूळ कथेतल्या समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग होतं, ते सिंगा झालं. भारतीय वाचकाला आपलंच नाव चाच्यांच्या टोळीवर वाचावं लागू नये, एवढी काळजी संपादकांनी घेतली. पण गोष्टीच्या पोटातला अन्याय तसाच राहिला. चारशे वर्षं एक गोरा माणूस जंगलावर राज्य करतो आणि तिथल्या माणसांपैकी एकालाही त्याबद्दल काही म्हणायचं नसतं. बांदर लोक त्याच्यासाठी ढोल वाजवतात, विषारी बाण मारतात, त्याच्या गुहेची राखण करतात. मी वाचलेल्या एकाही अंकात त्यांच्यातला कुणी तरुण उठून विचारत नाही की, आमचा न्याय आम्हीच का करू नये? त्याने विचारलं असतं तर वेताळाला उत्तर शोधावं लागलं असतं, आणि ते शोधताना तो मोठा झाला असता.

त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरती यांनी बहादूर आणला. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. कुर्ता आणि जीन्स घातलेला हा भारतीय वीर डाकूचा मुलगा होता. त्याचा बाप भैरवसिंग पोलिसांच्या गोळीने मेला, आणि ज्या विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला मारलं त्यानेच पोराला आपला म्हणून वाढवलं. मोठा होऊन बहादूर डाकूंच्या विरोधात नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. म्हणजे नायकाच्या रक्तातच दोन बाजू आहेत. त्या काळी चंबळचा विषय ताजा होता. १९६० मध्ये विनोबांपुढे आणि १९७२ मध्ये जयप्रकाशांपुढे डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती. डाकूलाही घर असतं, त्याच्याही जमिनीचा तंटा कधीतरी कचेरीत अडकलेला असतो, हे देशाने वर्तमानपत्रांत वाचलं होतं. बहादूरचे पुढचे बरेच अंक साध्या पाठलागात गेले, हे खरं. पण मारणारा आणि वाढवणारा एकच माणूस, ही कल्पना शाळकरी वयात वाचलेली आम्ही मुलं डाकू हा शब्द पुढे कधी तितक्या सहज उच्चारू शकलो नाही.

अमेरिकेत मात्र या कामाला बराच काळ कागदोपत्री मनाई होती. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्दम यांच्या पुस्तकाने आणि सिनेटच्या चौकशीने घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लिहून घेतली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं दाखवायचं नाही. शेवटी चांगल्याचाच विजय व्हायला हवा. मुखपृष्ठावर या संहितेचा शिक्का नसेल तर बहुतेक विक्रेते अंक ठेवत नसत. हेतू मुलांच्या रक्षणाचा होता, त्यावर मी शंका घेणार नाही. परिणाम असा झाला की सतरा वर्षं अमेरिकन मुलांच्या हातात अशा गोष्टी पडल्या, ज्यांत चुकीच्या बाजूच्या माणसाला बोलायला तोंडच नव्हतं. १९७१ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्यानेच स्टॅन ली यांना अमली पदार्थांच्या धोक्यावर गोष्ट लिहायला सांगितली. संहितेने ती अडवली, तेव्हा स्पायडरमॅनचे ते अंक शिक्क्याविना छापले गेले. त्याच वर्षी संहिता सैल झाली.

खलनायकाला तोंड नसलं म्हणजे काय होतं, याचं उत्तम उदाहरण मॅग्नेटो. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या एक्स-मेनच्या पहिल्या अंकात तो आला. जन्मतः वेगळ्या शक्ती असलेल्या उत्परिवर्ती माणसांचा तो पुढारी, आणि लवकरच त्याने आपल्या संघटनेचं नाव ठेवलं, दुष्ट उत्परिवर्तींचा बंधुसंघ. क्षणभर विचार करा. जगातल्या कुठल्या पुढाऱ्याने आपल्याच पक्षाच्या पाटीवर दुष्ट हा शब्द लिहिला आहे? तो शब्द लेखकाचा होता आणि विरोधकाच्या तोंडात कोंबलेला होता.

अठरा वर्षांनी, १९८१ मध्ये, क्रिस क्लेअरमॉन्ट या लेखकाने त्याच माणसाला बोलू दिलं. दीडशेव्या अंकात मॅग्नेटो जगातल्या सरकारांना अण्वस्त्रं टाकून देण्याचा हुकूम सोडतो. त्याच्यावर क्षेपणास्त्रं डागणारी रशियन पाणबुडी तो सगळ्या खलाशांसकट बुडवतो. पुढे लढाईत तो किटी प्राइड नावाच्या मुलीवर वार करतो, ती कोसळते, आणि त्याला दिसतं की हे तेरा वर्षांचं पोर आहे. तिथे तो थांबतो. ऑशविट्झच्या छळछावणीत आपण वाढलो, आपली माणसं तिथे गेली, हे त्याच्या तोंडून येतं. किटीही ज्यूच आहे. आपल्या लोकांवर तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून ज्याने हत्यार उचललं, त्याने त्याच लोकांतल्या एका लेकरावर ते चालवलं.

या अंकाचं मला फार मोल वाटतं, कारण लेखक दोन्ही गोष्टी धरून ठेवतो. ऑशविट्झ कळल्यावर खलाशांचा मृत्यू पुसला जात नाही. खलाशी बुडाले म्हणून ऑशविट्झ खोटं ठरत नाही. १९८५ मध्ये, दोनशेव्या अंकात, पॅरिसला मॅग्नेटोवर खटला चालतो; तिथे त्याला वकील मिळतो आणि फिर्यादी पक्षालाही. एक्स-मेनचा म्होरक्या प्रोफेसर झेवियर माणसांबरोबर समेटाने राहण्याच्या बाजूचा आहे, आणि लेखकही त्याच बाजूचा आहे, हे वाचकाला शेवटपर्यंत कळतं. फरक एवढाच पडला की आता झेवियरला मॅग्नेटोच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, नुसता ठोसा पुरत नाही.

मराठी वाचकाला यात नवं काही नाही, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनी आपापल्या तोंडाने सांगितलेली ती गोष्ट. दुर्योधन स्वतःबद्दल बोलतो तेव्हा तो स्वतःला दुष्ट म्हणत नाही, त्याला आपला अपमान आठवतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये याच माणसांकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिलं आणि कर्णाच्या औदार्याबरोबर द्यूतसभेतला कर्णही समोर ठेवला. मला दोन्ही पुस्तकं लागतात. सावंतांनी कर्णाला आवाज दिला, इरावतीबाईंनी त्या आवाजाची उलटतपासणी घेतली. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ही दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर आहेत. वेगळ्या बाजूचं ऐकून घेण्याची ही सवय आपल्या वाचकाला चित्रकथेबाहेर लागलेली आहे.

आणि त्याच्याही मागे जायचं तर चित्रकथी होते. जालन्याशेजारच्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी रामायण-महाभारताची ती चित्रं आठवा: मोठे डोळे, ठसठशीत रेघ, पात्रं समोरासमोर उभी. चित्र पुढे धरून कथेकरी सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणायचा. रामाचं म्हणणंही त्याच्याच गळ्यातून, रावणाचंही त्याच्याच. रावणाचं वाक्य पडेल आवाजात म्हटलं तर समोरचा गाव उठून जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. पुढे छापील पौराणिक चित्रकथा आल्या तेव्हा राक्षसाला काळा-सावळा आणि देवाला गोरा रंग देऊन निकाल पहिल्याच चौकटीत लावायची पद्धत पडली. अमर चित्रकथेवर हा आक्षेप अभ्यासकांनी वेळोवेळी घेतला आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेने लाखो मुलांना वाचायला लावलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण रंगाच्या बाबतीत आक्षेप खरा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. मार्व्हलची ‘सिव्हिल वॉर’. लेखक मार्क मिलर, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन, २००६ आणि २००७ मध्ये सात अंकांत आलेली. यावरच्या २०१६ च्या सिनेमाला आपल्याकडेही गर्दी झाली होती, पण मूळ कथा वेगळी आहे. काही नवखे वीर टीव्हीच्या कार्यक्रमासाठी गुन्हेगारांवर छापा घालतात. त्यात स्टॅमफर्ड शहरात स्फोट होतो आणि सहाशेवर माणसं मरतात, शाळेतली मुलंही. एका मुलाची आई टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, भर लोकांत जाब विचारते. सरकार कायदा करतं: ज्याच्याकडे अशी शक्ती आहे त्याने नाव नोंदवावं, प्रशिक्षण घ्यावं, सरकारला उत्तर द्यावं. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने उभा राहतो, कॅप्टन अमेरिका विरोधात.

याहून चांगला पेच कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही. बंदुकीला परवाना लागतो, ट्रक चालवायला लागतो, मग हातातून वीज सोडणाऱ्याला का नको? त्या आईला काय सांगायचं? आणि दुसरीकडे: आज ज्या सरकारकडे माझं नाव, माझा पत्ता, माझ्या बायको-मुलांची माहिती आहे, ते उद्या कुणाच्या हातात जाईल? मला कुणावर सोडायचं हे कोण ठरवणार? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपल्या ओळखीचेही आहेत.

मग गाडी घसरते. कायद्याच्या बाजूची माणसं नकारात्मक पोकळीत, पृथ्वीबाहेर, तुरुंग बांधतात आणि खटल्याविना माणसं कोंडतात. थोर या वीराची नक्कल तयार करून लढाईत उतरवतात, ती विरोधी बाजूच्या बिल फॉस्टर या वीराला ठार मारते. खुनी गुन्हेगारांना कामाला लावतात. एवढं झाल्यावर कुठला वाचक त्या बाजूला राहील? परवान्याचा मूळ मुद्दा जसाच्या तसा उभा होता, पण त्याची बाजू मांडणाऱ्यांनाच लेखकाने राक्षस करून टाकलं. त्यातून वाचकाला जे उत्तर मिळालं ते तुरुंगाबद्दल होतं. नोंदणीबद्दल काहीच मिळालं नाही. स्पायडरमॅन बाजू बदलतो तोही तुरुंग पाहून. समजा तुरुंग नसताच, तर त्याने काय केलं असतं? ते लिहायची हिंमत कथेत दिसत नाही.

दुसरी चूक मला याहून मोठी वाटते. हाच कायदा त्या काळात मार्व्हलच्या इतर मालिकांतही चालू होता, वेगवेगळ्या लेखकांच्या हातात. कुणाच्या अंकात तो फक्त नोंदणीचा होता, कुणाच्या अंकात नोंदवलेल्याला सरकारी सैन्यात भरती करणारा. कायद्याचा मजकूर कुणीच एकदा नीट ठरवून लिहिला नाही. ज्या कागदावरून माणसं एकमेकांचे जीव घेतात तो कागद वाचकाने पाहिलेलाच नाही, तर तो बाजू कशाच्या आधारे घेणार? तो मग चेहरा पाहून घेतो. कॅप्टन आवडतो म्हणून कॅप्टनची बाजू.

तरीही शेवटच्या अंकात एक जागा आहे जिथे मिलर यांनी न्याय केला. शहराच्या मध्यभागी लढाई चालू असते, कॅप्टन जिंकत आलेला असतो, आणि अग्निशमन दलाचे, रुग्णवाहिकेचे, पोलिसातले साधे लोक धावून येऊन त्याला धरतात. तो वळून पाहतो तर इमारती पडलेल्या, रस्ते फुटलेले. ज्यांच्यासाठी आपण लढतो आहोत असं त्याला वाटत होतं तेच त्याला थांबवायला आलेले. तो शस्त्र टाकतो. आपल्या नायकाने केलेलं नुकसान त्यालाच डोळ्यांनी पाहायला लावणं, तेही तो जिंकत असताना, हे लेखकाचं धैर्य आहे. सहा अंक हरवलेला तोल त्या दोन-तीन पानांत सापडतो.

इथे कुणी म्हणेल की विरोधकाचं ऐकून घ्यायचं हे आजकाल सोयीचं झालं आहे, प्रत्येक अत्याचारालाही दुसरी बाजू काढली जाते. हा आक्षेप गंभीर आहे. म्हणून ‘भीमायन’बद्दल सांगतो. २०११ मध्ये आलेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरची ही चित्रकथा दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांनी चितारली. तिचा सुपरहीरोशी संबंध नाही, पण आपल्या प्रश्नाशी आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर गेले. दारातल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले म्हणून पाणी बाटवलं असा गिल्ला करत लोक त्यांच्या अंगावर धावून आले. आपल्या मराठवाड्यातलीच ही घटना. व्याम दांपत्याने तिच्यासह बाबासाहेबांचे अनुभव काढताना चौकोनी चौकटी वापरायला नकार दिला आणि बोलण्याचे फुगे दोन प्रकारचे केले. छळ सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात, जातीच्या अहंकाराचे शब्द शेपटीला विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. कलाकार कुठल्या बाजूला आहेत हे पानावर उघड दिसतं. तरी विंचवाच्या नांगीतले शब्द गाळलेले नाहीत, त्यांची विटंबना केलेली नाही. ते जसे उच्चारले जातात तसे आहेत. माणसाला माणूस न मानणाऱ्या बाजूला समान वजन द्यायचं नसतं. तिचं खरं बोलणं खऱ्या शब्दांत छापायचं असतं, एवढाच तिथे न्याय.

पण सगळेच तंटे दौलताबादच्या हौदासारखे नसतात. काही तंट्यांत दोन्हीकडे पोटाचा आणि पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो. तसा एक तंटा आपल्या जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, गेली काही वर्षं उभा आहे. त्याचं नाव घेतल्याशिवाय जालन्यात या विषयावर बोलणं मला शक्य नाही.

२९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही झाले. मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. १७ नोव्हेंबरला अंबडलाच ओबीसींची मोठी सभा झाली, तिथे छगन भुजबळ बोलले. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून वडीगोद्रीला उपोषणाला बसले. वडीगोद्री अंतरवालीच्या किती जवळ आहे, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. दोन्हीकडच्यांनी साधन एकच वापरलं, स्वतःचं उपाशी शरीर.

यावर चित्रकथा काढायची झाली तर? मी गंभीरपणे विचारतो आहे. आपल्या जिल्ह्यात उत्तम चित्रं काढणारी पोरं आहेत. समजा त्यांनी घनसावंगीकडचा एक सुपरहीरो निर्माण केला, हवेतली काठी हवेतच थांबवणारा. १ सप्टेंबरच्या पानावर तो काठी थांबवेल आणि दगडही थांबवेल, थांबवायलाच हवेत. ते पान जोरदार होईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न तिथेच आहे आणि त्याच्या शक्तीचा काही उपयोग नाही. तिथून पुढची पानं दोन बायकांची असावीत, असं मला वाटतं.

एक शेतकरीण. ती म्हणते: “पाटलीण म्हणून हाक मारतात, पण दोन एकर कोरडवाहूत पाटीलकी कुठं उगवती? कापूस गेला, सोसायटीचं कर्ज राह्यलं. विदर्भात माझी मावसबहीण दिली, तिच्या पोराला कुणबी म्हणून सवलत मिळती. देव एक, सोयरीक एक, आडनाव एक. आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं, ही माझ्या पोराची चूक हाय का?”

दुसरी न्हाव्याच्या घरातली पदवीची मुलगी. ती म्हणते: “काकू, तुमच्या दोन एकराचं दुःख मला कळतंय. आमच्याकडं एक गुंठा नाही. गावात आमची चार घरं, मतं मोजताना आम्ही कुणाच्या हिशेबात नसतो. जागा राखीव होती म्हणून माझी आई एकदा सरपंच झाली, नाहीतर ग्रामपंचायतीच्या पायरीवरच राहिली असती. त्याच रांगेत सगळं गाव येऊन उभं राहिलं तर आमची पाळी कधी यायची?”

ही माझी वाक्यं आहेत, तुम्ही याहून चांगली लिहाल. माझा आग्रह एवढाच की दोन्ही फुगे एकाच मापाने न मोजता एकाच ताकदीने लिहावेत. पहिलीचं वाक्य वाचताना ओबीसी वाचकाला क्षणभर उत्तर सुचू नये, दुसरीचं वाचताना मराठा वाचकाला सुचू नये. आणि ‘सिव्हिल वॉर’मध्ये जे राहून गेलं ते इथे राहू नये. कागद दाखवावा. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षण रद्द केलं, ते पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याला सबळ कारण नाही म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने दहा टक्क्यांचा स्वतंत्र कायदा केला. २ सप्टेंबर २०२५ ला, मुंबईतल्या आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर, हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रं देण्याचा शासन निर्णय निघाला. स्वतंत्र आरक्षण आणि ओबीसीतून आरक्षण या दोन वेगळ्या मागण्या आहेत. दुसरीचा वडीगोद्रीवर जो परिणाम होतो तो पहिलीचा होत नाही. चित्रकथेने हे एक पान घालून समजावलं तर अनेक भाषणांपेक्षा ते उपयोगी पडेल. चित्रांत हे होतं. विदर्भातलं घर आणि मराठवाड्यातलं घर शेजारी-शेजारी काढा, मधे जुन्या राज्याची सीमारेषा काढा, शेतकरणीचा मुद्दा लहान मुलालाही कळेल.

या कामाला आणखी एक आधार मला आपल्या मातीत दिसतो. आपल्या जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. जिंकणाऱ्याच्या रेजिमेंटांनी असईचं नाव मानाने मिरवलं. पण वेलस्लीने आपल्या पत्रांत शिंद्यांच्या तोफखान्याचा मारा किती भयंकर होता ते लपवलं नाही, आणि तोफेपाशी उभे राहून मेलेल्या गोलंदाजांची नोंद इंग्रजांच्याच कागदांत राहिली. आपल्याकडच्या त्या गोलंदाजांबद्दल जे थोडंफार कळतं त्यातलं बरंच शत्रूने लिहून ठेवलेलं आहे.

चित्रं काढणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. कच्ची पानं तयार झाली की शाई चढवण्याआधी ती आपल्या बाजूच्या मित्राला दाखवू नका; तो कौतुकच करेल. शेतकरणीचं पान लिहिणारा ओबीसी मुलगा असेल तर त्याने ते अंतरवालीच्या एखाद्या घरात वाचून दाखवावं. न्हाव्याच्या मुलीचं पान लिहिणारा मराठा असेल तर त्याने वडीगोद्रीला जावं. “आम्ही असं बोलत नाही” असं ज्या फुग्यावर कुणी म्हणेल तो खोडायचा आणि ते कसं बोलतात ते तिथेच बसून लिहून घ्यायचं. पोलिसाचं पान राहिलं, तर तेही एखाद्या हवालदाराला दाखवावं. त्या दिवशी त्याच्याही डोक्याला टाके पडलेले असू शकतात. असा अंक कुणी काढला आणि छपाईसाठी पैसे कमी पडले, तर आजच्या व्याख्यानाचं मानधन संयोजकांनी त्या खात्यात जमा करावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.